किती जणांनी ऐकलं

"मी इथे बसू का?" असं मागून ऐकू आलं आणि मी वळूनही न बघता म्हणून गेले, "बस की गं, विचारतेस काय!" हातात श्रवणयंत्राच्या बारक्या बॅटऱ्या होत्या, त्या डबीत भरत होते. एवढ्या दुपारी ठकी दवाखान्यात कशी, शाळा लवकर सुटली की काय, की पुन्हा ताप आला हिला, असं सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं आणि मग मी वळले. ठकी नव्हती. बाकावर एक आजोबा बसले होते, कानाच्या तपासणीला आलेले, आणि त्यांच्या शेजारी त्यांची नात, मांडीवर फोन घेऊन. दोघंही माझ्याकडे बघत होती. ही बाई स्वतःशीच बोलते, असं त्या पोरीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी कसनुसं हसले. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासून स्वतःचे कामातून जातात असं आमचे डॉक्टर गमतीने म्हणतात, ते खरं व्हायला लागलं म्हणायचं. आणि तेवढ्यात त्या पोरीच्या मांडीवरून माझ्या मुलीचा आवाज पुन्हा आला. "मी इथे बसू का?"

आवाजात मी चुकत नाही. बाकी शंभर गोष्टींत चुकते, नवऱ्याला विचारा, तो यादीच काढून देईल. पण आवाजात नाही. ठकी 'बसू' म्हणताना जरा वर चढते आणि 'का' येईपर्यंत तिचा दम संपतो. लहानपणापासून तसंच. मी म्हटलं, "काय गं ते वाजतंय?" पोरगी म्हणाली, "मेसेज आला की वाजतं, काकू. टोन लावलाय मी." "कोणाचा आवाज?" "काय माहीत! कुठल्यातरी शाळेतली एक येडी मुलगी आहे, तिची क्लिप आहे. जुनी झाली आता, कोणी बघत पण नाही. बघायचीय?" आणि मी काही म्हणायच्या आत तिने फोन माझ्यासमोर धरलादेखील. मोठ्यांना काहीतरी दाखवायला मिळालं की या मुलांना किती आनंद होतो. तिला ती वेडी मुलगी माहीत नव्हती आणि तिची आई तर त्याहून नाही. चांगली मुलगी होती हो. आजोबांचा कोट नीट घडी करून मांडीवर घेऊन बसली होती.

शाळेतली संगीताची खोली. मला ती खोली माहीत होती, पालकसभेला तिथेच बसवतात. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आणि दाराच्या फटीतून घेतल्यासारखं चित्र, अर्ध्या भागात दाराचीच कड. ठकी पाठमोरी. एका रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून ती म्हणत होती, "मी इथे बसू का?" मग जरा थांबून, डबा दुसऱ्या हातात घेऊन, बेफिकीर आवाजात, "इथे बसू? चालेल ना?" मग हसून. मग पुन्हा न हसता. एकदा तर "हाय! अरे, जागा आहे का?" असं काहीतरी, टीव्हीवरच्या मुलींसारखं. मग मान हलवली, ते आवडलं नाही स्वतःलाच, आणि पुन्हा पहिल्यापासून, "मी इथे बसू का?" शेवटी फोन धरणारीला हसू आवरलं नाही, एक दाबलेली खिंकाळी आली, ठकी वळली, आणि तिचा चेहरा दिसतो न दिसतो तोच क्लिप संपली. खाली लोकांनी लिहिलं होतं. नको बसूस. जमिनीवर बस. घरी जाऊन बस. मी तेवढंच वाचलं. "लिंक पाठवू का तुम्हाला?" पोरीने विचारलं. मी म्हटलं, "पाठव."

मग आजोबांची तपासणी केली. दुसरं काय करणार? त्यांना बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, सांगितलं की आजोबा, बारीकसा आवाज आला तरी दाबायचं. काचेच्या अलीकडे मी. आवाज सोडताना हात पेशंटला दिसू द्यायचे नाहीत, नाहीतर लोक कानाने ऐकायचं सोडून डोळ्यांनी ऐकतात. त्या दिवशी मी ते नेहमीपेक्षा आणखीच आत घेतले. आजोबा भित्रे निघाले. मी काही सोडलं नसताना बटण दाबत होते. असं होतं. ऐकू येत नाही हे कळू नये म्हणून माणसं नसलेले आवाज ऐकतात. म्हणून आमच्या कामात एका वेळेचं खरं धरत नाहीत, तोच आवाज पुन्हा द्यायचा, पुन्हा द्यायचा, दोनदा-तीनदा सारखंच उत्तर आलं तर कागदावर खूण करायची. इतकी वर्षं मी हेच करत आले, आणि मला वाटायचं माझ्या घरात तरी मला सगळं ऐकू येतं.

ती चष्मेवाली! घरी जाताना वाटेत मला ती एकदम आठवली आणि पाय जागच्या जागी थांबले, मागून येणारा एक माणूस माझ्यावर आदळला आणि काहीतरी पुटपुटून गेला. ठकी या शाळेत नवीन आली तेव्हापासून रोज जेवताना चष्मेवालीच्या गोष्टी. चष्मेवाली आज असं म्हणाली, चष्मेवालीने माझ्या डब्यातलं सगळं संपवलं, चष्मेवालीला गणित येत नाही पण हस्ताक्षर काय सुंदर आहे, आई. मी शंभरदा म्हटलं असेल, घेऊन ये की तिला एकदा घरी. तर म्हणे तिच्या घरचे सोडत नाहीत. त्यावर मी त्या घरच्यांना इतकी नावं ठेवली! कसले मेले जुनाट लोक, पोरीला मैत्रिणीकडे पाठवत नाहीत. ठकी हसायची, त्यांची बाजूदेखील घ्यायची, म्हणायची, अगं तिची आजी आजारी असते. आजीसुद्धा होती. सगळं घर उभं केलं होतं पोरीने, आणि मी रोज रात्री त्या घराला पोळीभाजीसोबत दुजोरा देत होते. मला रडू यायला हवं होतं, पण आधी भीतीच वाटली. जी मुलगी एवढ्या सफाईने एक माणूस तयार करू शकते, ती आणखी काय काय लपवून बसली असेल?

घर चौथ्या मजल्यावर. जिना चढताना मी पहिल्यांदा मजले मोजले आणि स्वतःचाच राग आला. दार उघडलं तर ठकी टेबलाशी अभ्यास करत होती. केस नीट बांधलेले. "आलीस?" म्हणाली. "आले," म्हटलं. तेवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात उभी राहिले. विचारावं की नाही? विचारलं आणि तिच्या लक्षात आलं की आता आईलाही कळलंय, तर? आजवर निदान हे घर एक जागा होती, जिथे ती वेडी मुलगी नव्हती, चष्मेवालीची मैत्रीण होती. ते मी मोडायचं? आणि मोडल्यावर ती जाईल कुठे? मनात नको नको ते यायला लागलं. पेपरातल्या बातम्या, ज्यांच्या मथळ्यावरून मी चटकन पान उलटते, त्या सगळ्या कुठेतरी आत जाऊन बसलेल्या असतात. मी औषधांची पेटी कपाटात वर, सुटकेसच्या मागे ठेवली. माझ्या झोपेच्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या. गॅलरीच्या दाराला कडी लावली, वारा येतोय म्हणून. ठकी म्हणाली, "आई, कुठंय वारा?" मी म्हटलं, "मला लागतोय." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुन्हा वहीत मान घातली.

जेवताना मी विचारलं, "काय म्हणते तुझी चष्मेवाली?" का विचारलं, देव जाणे. जीभ आवळून ठेवायला हवी होती. ठकी म्हणाली, "आली नव्हती आज." आणि घास तोंडात घातला. चावत राहिली, चावत राहिली, तो घास काही संपेना. मी भांडी उचलायचं निमित्त केलं.

नवरा रस्त्याच्या कामावर लांब असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याला बाहेर जिन्यात उभी राहून फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "फोन काढून घे तिचा." मी म्हटलं, "मग?" "मग काय? प्रश्न मिटला." "तुमचा मिटला हो," मी म्हटलं, "तिचा कसा मिटेल? तिच्या हातातला फोन काढाल, बाकीच्यांच्या हातातले कोण काढणार?" तो म्हणाला, "ओरडू नकोस, मी तुझा शत्रू आहे का?" नव्हता. पण हाताशी तोच होता. मग त्याचाही आवाज कापायला लागला आणि आम्ही दोघंही उगाच हवापाण्याचं बोललो. फोन ठेवल्यावर मी तिथेच पायरीवर बसून ती लिंक मुख्याध्यापिकांना पाठवून दिली. सोबत लिहिलं, ही माझी मुलगी आहे, काहीतरी करा. निदान मी काहीतरी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात उशिरा येते सांगून शाळेत गेले. ठकीला कळू नये म्हणून मागच्या फाटकाने. चोरासारखी! दारात एका मोठ्या पेटीत मुलांचे फोन जमा केलेले होते, नंबर लावलेल्या कप्प्यांत, आणि ती पेटी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सारखी गुणगुणत होती. मला त्यात ठकीचा फोन कुठला ते शोधायचा मोह झाला. शिपाई म्हणाला, "बाई, ऑफिस तिकडे."

मुख्याध्यापिका माणूस म्हणून चांगल्याच. त्यांनी माझा हात हातात घेतला, पाणी मागवलं. म्हणाल्या, "अजिबात घाबरू नका. शाळा तुमच्या पाठीशी आहे. हे प्रकार आम्ही खपवून घेत नाही." मला इतकं बरं वाटलं. "तुमचा मेसेज आल्याआल्या मी क्लिप शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांना सांगितलंय, नीट बघा, दोन-चार वेळा बघा, शेवटी जी हसते ती कोण ते ओळखायचं. एकदा नाव कळू दे. पालकांना बोलावते, शाळेतून काढते, आणि जाण्याआधी सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावते." सगळ्या शाळेसमोर माफी! मला ते चित्र डोळ्यांसमोर दिसलं आणि खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. ती खिंकाळणारी मुलगी मान खाली घालून उभी, आणि माझी ठकी पहिल्या रांगेत. त्या चित्रात ठकीचा चेहरा कसा होता ते मात्र मी पाहिलं नाही.

कोपऱ्यात शाळेच्या समुपदेशक बाई बसल्या होत्या. बाई म्हणायचं एवढंच, ठकीच्या वर्गात बसवली तर खपून जाईल अशी बारकी मुलगी. तिने विचारलं, "तुम्ही ठकीशी बोललात?" मी म्हटलं, "अजून नाही." "आधी बोला ना." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बोलणं होईलच हो, आधी पुरावा हातात येऊ दे." मी त्या मुलीला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, क्लिप बघून?" तर ती म्हणाली, "मी नाही बघितली." "का?" "तिने मला दाखवलेली नाही म्हणून." मी बघतच राहिले. अगं बाई, पगार कशाचा घेतेस मग? घराला आग लागलीय आणि ही म्हणते मला धूर दाखवला नाही! तसं मी बोलले नाही, पण माझा चेहरा काही गप्प बसणारा नाही. ती ओशाळली. तरी पुन्हा म्हणाली, "अशा गोष्टी बघणारे थांबले की हळूहळू विझतात. आपण बघणाऱ्यांत भर नको घालायला. ॲपच्या कंपनीला कळवून ती काढून टाकायला सांगू, ते मी आज करते. पण बाकीचं सगळं तिला विचारून. तिला माफी हवी आहे का, हेसुद्धा." मी उठले. मुख्याध्यापिकांना म्हटलं, "मॅडम, ते हसणं कोणाचं ते मी शोधते. ऐकणं हेच माझं काम आहे."

आणि बसले ऐकत. त्या दिवशी पेशंट कमी होते. दोन पेशंटांच्या मध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात मी बंद खोलीत जायची, दार ओढून घ्यायची, चांगल्यातले हेडफोन फोनला जोडायची. त्या खोलीत भिंतींना जाड फोम आहे, आत गेलं की जग पुसल्यासारखं होतं, स्वतःची नाडी ऐकू येते. पहिल्यांदा नुसती ती खिंकाळी. मग खिंकाळीच्या आधी नाकातून ओढलेला श्वास, म्हणजे सर्दी झालेली मुलगी. मग बुटांचा आवाज, एकीचे की दोघींचे? एकदा ऐकून चालत नाही, पुन्हा. दोघींचे. पुन्हा. नाही, एकीचेच, दुसरा आवाज खुर्चीचा. वर्गातल्या कोणाकोणाचे आवाज मी ऐकलेत ते आठवायला लागले. पालकसभेच्या दिवशी स्वागत करणाऱ्या दोघी, बसथांब्यावर ठकीच्या पुढे उभी राहणारी ती उंच मुलगी. एक जुळतंय असं वाटायचं, पुन्हा लावायची, निसटायचं. डॉक्टरांनी काचेवर टकटक केली, म्हणाले, "आज तुमचीच तपासणी चाललीय का?" मी म्हटलं, "यंत्र तपासतेय." ते गेले. मी पुन्हा लावली.

आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मी शेवटपर्यंत जातच नाहीये. खिंकाळी यायच्या आधीच मागे नेतेय. मी ठकीला ऐकत होते. तिच्या दोन वाक्यांमधला श्वास. डबा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना झाकणाचा आवाज. तिसऱ्या वेळेला ती हसून जे म्हणते, "इथे बसू? चालेल ना?", तो आवाज माझा होता. हुबेहूब माझा, दवाखान्यात नव्या पेशंटशी बोलते तसा, जरा खोटा, जरा मायाळू. हा तिने कधी उचलला? मला वाटलं लोकांत कसं वागावं ते ती माझ्याकडून शिकत होती आणि मला पत्ताच नव्हता. शेवटच्या वेळेला ती म्हणते तेव्हा तर आवाजात काहीच नाही, नुसता प्रश्न. अगदी लहान असताना बाथरूमच्या बाहेर उभी राहून विचारायची, आई, तू आत आहेस ना? तसा. मला तिला सांगावंसं वाटलं, हा घे, हा सगळ्यांत चांगला आहे, असंच विचार. मग आठवलं की हे सगळं विचारायला तिला कोणी शिल्लकच ठेवलेलं नाही, आणि मी हेडफोन काढले. कान गरम झाले होते. घरी माझ्याशी ती एवढं सलग कधी बोलली होती? मी हेडफोन पुन्हा घातले.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा उन्हं अजून गॅलरीत होती. टेबलावर वही उघडी. बूट दारात, एक इकडे एक तिकडे, ठकी असे कधी टाकत नाही. बाथरूमचं दार आतून बंद आणि नळ चालू. "ठकी," मी हाक मारली. "ठकी, मी आलेय गं." नळ चालूच. मी दाराला कान लावला. दारं, भिंती, काचा, यांच्यापलीकडचं ऐकायचं मला शिक्षण आहे, पण त्या नळाखाली काय आहे ते मला ऐकू येईना. गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या, मी चाचपल्या. पेटी वर होती. मग आत काय आहे? आत आरसा आहे. आत नवऱ्याचं दाढीचं सामान आहे. कप्पाळ माझं, सगळं घर आवरलं आणि ते तसंच! मी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "ठकी, दार उघड. उघड आधी. मी दार तोडीन हां!" माझ्याच्याने उशीही फाटत नाही, पण मी तसं ओरडले.

"आई, ओरडू नको ना," आतून आलं. आवाज जमिनीजवळून येत होता. खाली बसली होती. बोलली! मी पण दाराला पाठ लावून खाली बसले. "काय झालं, बाळा?" म्हटलं. ती म्हणाली, "तुला माहितीये ना सगळं? काल तू गॅलरीला कडी लावलीस तेव्हाच मला कळलं." मी म्हटलं, "हो." "मग?" ती म्हणाली, "मग काहीच का नाही बोललीस?" मी म्हटलं, "भीती वाटली." ती म्हणाली, "मला पण."

नळ बारीक झाला. ती सांगायला लागली, तुटक तुटक, मध्ये नाक ओढत. क्लिपच्या खाली एक आकडा असतो. किती वेळा कोणी पाहिली त्याचा. सुरुवातीला तो एवढा धावायचा की तिला ओकारी यायची. वर्गात कोणी काही बोललं नाही तरी ती आकडा बघून सांगू शकायची, आज काय होणार. मग तो हळू झाला. नवीन कोणाचं तरी काहीतरी आलं आणि सगळे तिकडे गेले. मग तो दिवसाला थोडासाच हलायचा. आणि या आठवड्यात हललाच नाही. "थांबला होता, आई," ती म्हणाली. "पूर्ण थांबला होता. मी रोज सकाळी बघायचे, तसाच. काल सकाळीसुद्धा तसाच. आज सकाळी बघितलाच नव्हता. मी ठरवलं होतं, अजून थोडे दिवस असा राहिला ना, तर एका मुलीला खरंच विचारायचं. ती पण एकटी बसते. आणि आज शाळा सुटल्यावर फोन हातात घेतला तर..." तिला हुंदका आला. "परत सुरू झालंय. खूप. मी बघत होते तर माझ्यासमोर वाढत होता. एक, एक, एक. आता नाही थांबायचा. मला नाही जायचं परत तिथे. मला कुठेच नाही जायचं."

पाठीमागचं दार मला बर्फासारखं लागलं. शिक्षकांचा ग्रुप. नीट बघा, दोन-चार वेळा बघा. आणि दुपारभर, फोमच्या भिंतींच्या खोलीत, एक, एक, एक. माझ्या बोटाची प्रत्येक टिचकी इथे या फरशीवर बसलेल्या माझ्या मुलीला लागत होती, आणि ती प्रत्येक टिचकीमागे एक नवा हसणारा चेहरा बघत होती. सांगितलं नाही तर तिला कधी कळणार नाही, असं क्षणभर मनात आलं. आलं, मी नाकारत नाही. पण न सांगता ती त्या नव्या चेहऱ्यांसोबत आत एकटी होती, आणि त्यांतले बरेचसे चेहरे माझेच होते.

"ठकी, ती मी होते," मी म्हटलं.

आत नळ बंद झाला.

"काल रात्री मी मॅडमना पाठवली, त्यांनी सगळ्या शिक्षकांना पाठवली. आणि आज दुपारभर दवाखान्यात बसून मी ऐकत होते. पुन्हा पुन्हा. मला नव्हतं माहीत की तो आकडा वाढतो. तू बघतेस हे नव्हतं माहीत. ते लोक नव्हते गं. मी होते." एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, तिच्या जन्माच्या वेळीसुद्धा नाही.

"का?" तिने विचारलं.

"कोण हसलं ते शोधत होते."

"मी सांगितलं असतं की," ठकी म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, दमलेला होता. "मला माहितीये ती कोण ते. पहिल्या दिवसापासून माहितीये. मी वळले तेव्हा ती समोरच होती. तुम्हाला कोणालाच विचारावंसं नाही वाटलं?"

मी तोंडावर हात दाबून रडले. मला वाटलं होतं मी आवाज काढत नाहीये, पण तिला ऐकू गेलं असणार, कारण कडी निघाली. दार माझ्या पाठीमागून सरकलं आणि मी जवळजवळ आत पडले. ठकी शाळेच्या कपड्यांतच होती, बाह्या ओल्या, डोळे सुजून बारीक झालेले. मी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. मनगटं, तळवे. काही नव्हतं. ती म्हणाली, "काही केलं नाही मी," आणि मग जरा थांबून, "आज." मी तिला जवळ ओढलं, ती आली, पण ताठ. बराच वेळ ताठच होती.

मग तिने टॉवेलखालून फोन काढला. "खरंच फक्त तुम्हीच होतात?" "खरंच." "मग आता थांबायला पाहिजे. तू इथे आहेस ना. शिक्षकांनी कालच बघितली असेल." तिचा हिशोब बरोबर होता. आम्ही बाथरूमच्या उंबऱ्यावर शेजारी शेजारी बसलो, आणि तिने ते पान उघडलं, क्लिप न लावता, नुसता आकडा दिसेल असं. मी म्हटलं, "नको बघूस, बाळा." ती म्हणाली, "बघायचंय मला." मग मीही पाहिलं. आकडा तसाच होता. ती दर थोड्या वेळाने अंगठ्याने पान खाली ओढून नवं करायची. तसाच. तिचा खांदा माझ्या दंडावर हळूहळू सैल पडत गेला. खालून कोणाची तरी स्कूटर गेली, शेजारी कुकरची शिट्टी झाली. तसाच. माझ्या मनात, देवा, एवढं कर, एवढं एक कर, असं चाललं होतं. तिने पुन्हा पान ओढलं आणि आकडा एकाने वाढला.

ठकीने माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात माझ्या मांडीवर होते, रिकामे.

"कोण असेल?" मी विचारलं.

"कोणीही," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला, इतका घट्ट की बोटं दुखायला लागली.